करीमभाईंची बेटं

करीमभाई कोणालाही वाळलेले भोपळे बांधल्याशिवाय नावेत पाऊल ठेवू देत नसत. कलेक्टर असो, कलेक्टरची सासू असो, नाहीतर दौऱ्यावर आलेला इंजिनिअर असो. प्राणहितेच्या घाटावर उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे आणि करीमभाई कमरेभोवती भोपळे सुतळीनं आवळून होईपर्यंत हलायचं नाही.

"जहाजाचा कायदा आहे," ते म्हणत. "पट्ट्याबिगर पाशिंजर नाई."

जहाजावरचे पट्टे बुचाचे असतात. अहेरीत बूच कुठून आणणार? तिथले लोक पूर असला की पोकळ भोपळे बांधून नदी ओलांडत. करीमभाईंनी तेच घेतले आणि त्यांना कायद्याचा दर्जा दिला. एकदा एका तहसीलदारांनी हरकत घेतली. घाटाशी पाणी गुडघाभरच होतं.

"एवढ्याशा पाण्यात कोण बुडतं हो?"

"बुडणारा कुठीबी बुडते, साहेब. हात वर करा."

तहसीलदारांनी हात वर केले.

मुलांनो, परवा तुमचे फोटो आले. ज्वालामुखीतून वर आलेली ती उजाड काळी बेटं, तुमचं छोटं जहाज, तुमच्या अंगातली केशरी जाकिटं, हात लांब करून काहीतरी दाखवणारा गाईड. सगळे फोटो मी तारखेप्रमाणे लावले. त्यातल्या एकाशी मात्र फार वेळ थांबले. निळ्या पायांचा एक पक्षी खडकावर उभा आहे. या पक्ष्याबद्दल मी अहेरीत, पन्नासच्या दशकात ऐकलं होतं. सांगणारे करीमभाई होते आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाचाही विश्वास बसला नव्हता. "निळे पाय? मोजे घातले होते का, भाई?" असं बाजारातले लोक विचारत. करीमभाई शांतपणे म्हणत, "मोजे मी घातले होते. पक्षी उघड्या पायानं होता."

तुमचे आजोबा तेव्हा जंगलखात्यात होते. गडचिरोली जिल्हा अजून झालेला नव्हता. सगळा मुलूख चांद्याचाच. लग्नानंतर माझं पहिलं घर अहेरीत, सरकारी कौलारू बंगल्यात. मागच्या बाजूला करीमभाई आणि त्यांची बायको अमीनाबी राहत. पोटासाठी त्यांचं स्टोव्हदुरुस्तीचं दुकान होतं. जीव मात्र नावेत.

तरुणपणी ते मुंबईला गेले आणि जहाजावर लागले. एका जहाजावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असं करत एका परदेशी बोटीवर पोचले. श्रीमंत साहेबलोकांना ती बोट दूरच्या समुद्रातल्या बेटांवर जनावरं दाखवायला नेई. करीमभाई डेकवर चहाचा ट्रे फिरवीत. ट्रे फिरवता फिरवता त्यांनी सगळं पाहिलं: गाडीच्या चाकाएवढी कासवं, समुद्रात पोहणाऱ्या काळ्या घोरपडी, माणसाच्या टोपीवर येऊन बसणारी पाखरं. "तिथली जनावरं भेत नाई, बाई. त्याईले मालूमच नाई, माणूस काय चीज आहे ते."

परत आल्यावर त्यांनी एक जुनी नाव घेतली आणि प्राणहितेतल्या खडकांची सफर सुरू केली. दसरा उलटला, पाणी उतरलं की नदीच्या मधोमध काळे खडक वर येत. करीमभाई त्यांना बेटं म्हणत. नाव हाकायचा पोचम नावाचा धीवर. हा कधी बोलत नसे, आणि करीमभाई कधी थांबत नसत. अंगात पितळी बटणांचा पांढरा कोट, खाली लुंगी. कोट कुण्या धिप्पाड माणसासाठी शिवलेला होता. करीमभाईंच्या अंगात तो थोडा उशिरा वळे. सुटायच्या वेळी ते बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवीत आणि नावेत आम्ही दोघंच असलो तरी गर्दीला उद्देशून बोलावं तसं बोलत: "लेडीज, जंटलमेन, हे बेट आगीतून निंगालं आहे."

तुमच्या आजोबांना असलं सहन होत नसे. त्यांचा खडकांचा अभ्यास होता.

"करीमभाई, हे आगीतले दगड नाहीत. आग वगैरे काही नव्हती इथे."

"तुमी होते का तवा, साहेब?"

"मी कसा असेन?"

"मंग बसा. पोचम, पुढं चाल."

आणखी एक कायदा होता, आणि तो सर्वांत जाचक. एखादं जनावर दिसलं की नाव थांबायची, आणि ते जनावर स्वतः उठून जाईपर्यंत तिथून हलायची नाही. "आपण पाव्हणे," करीमभाई कुजबुजत. "घरधनी बसला असताना पाव्हण्यानं उठाचं? शरम वाटाले पायजे." पाणमांजरं असली तर ठीक; ती पळापळ करून लौकर मोकळं करत. पण एकदा नागपूरहून आलेल्या एका बड्या साहेबांच्या नशिबात मगर आली. मगर खडकावर जबडा उघडा टाकून ऊन खात पडली. साहेबांची दुपारची जेवणाची वेळ आली आणि गेली. बाईसाहेबांना पेंग येऊन भोपळ्यांवर मान टेकली. साहेब शेवटी चिडून म्हणाले, "अहो, ती मेलेली आहे!"

करीमभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "तिलेबी तुमच्याबद्दल असंच वाटून राह्यलं असेल, साहेब."

उन्हं कलल्यावर मगर पाण्यात उतरली. करीमभाईंनी तिला सलाम केला आणि मगच नाव वळली. त्या साहेबांनी पुन्हा अहेरीचा दौरा काढला नाही.

एवढ्या लोकांना करीमभाईंनी बेटं दाखवली. पण ज्या एका माणसानं ती पाहावीत म्हणून त्यांचा जीव तुटत होता, ते माणूस इतक्या वर्षांत नावेत बसलं नव्हतं.

दरवर्षी खडक वर आले की पहिलं आमंत्रण अमीनाबींना असे. करीमभाई कोट घालून, बटणं घासून, स्वतःच्याच दारात बाहेरून उभे राहत आणि अदबीनं म्हणत, "बाईसाहेब, नाव तयार आहे."

आतून आवाज येई, "तुमच्या बेटांले माझा सलाम सांगा."

"एक डाव चाल तं खरं."

"भाकरी जळून राह्यली. जा तुमी."

नवराबायको एरवी आपसात हिंदी बोलत. भांडण मात्र अहेरीच्या मराठीत करीत, म्हणजे सगळ्या गल्लीला कळे. गल्ली हसे. करीमभाईही हसत, आणि मग घाटाकडे जाताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. मला एकदा म्हणाले, "सारी दुनिया आली, बाई. माझ्या घरचीच नाई आली. तिनं पाह्यलं नाई, तं मी काय दाखवलं?"

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. करीमभाई त्या दूरच्या समुद्रात असताना इकडे त्यांचा मुलगा तापानं गेला. सलीम त्याचं नाव. शाळेत जायला लागलेलाही नव्हता. खबर बंदरोबंदर फिरत जहाजावर पोचली तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. करीमभाई परत आले, पण त्यांना दाखवला गेला तो मातीचा एक उंचवटा. लोक म्हणत, अमीनाबींनी नवऱ्याला माफ केलं नाही. करीमभाईंचंही तेच मत होतं.

कबरस्तान घाटाच्या वरच्या अंगाला, नदीच्या काठावरच. त्यांच्यात बायका आत जात नाहीत. म्हणून अमीनाबी रोज दुपारी शिवण घेऊन कुंपणाच्या बाहेर, मोहाच्या झाडाखाली बसत. सलीमची कबर त्या बाजूला कडेलाच होती. मोहाची पानं तिच्यावर पडत. अमीनाबी बांबूची काठी कुंपणातून आत घालून पोचतील तेवढी पानं ओढून बाजूला करत. बाकीची तशीच राहत.

मला शिवणातलं फारसं येत नसे. ते शिकायच्या निमित्तानं मी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले. एका दुपारी समोरून नाव चालली होती. घंटा ऐकू आली, करीमभाईंचा आवाजही. मी सरळ विचारलं, "अमीनाबी, अजून राग आहे का हो त्यांच्यावर?"

त्यांनी दातानं दोरा तोडला. "राग? राग तं तवाच वाहून गेला, बाई. नदी काय लहान आहे का?"

"मग एकदा बसा की नावेत. किती वाट पाहतात ते."

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. मग म्हणाल्या, "सलीम सारखा इचारे, अब्बा कवा येते? मी म्हणलं, येऊन राह्यला. रस्त्यातच आहे. तेवढ्यावर तो झोपला. आता मीबी बेटं पाहाले गेली तं इथी कोण? दोघांयपैकी एक तं पायजे ना किनाऱ्यावर."

हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. का, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते कुठी इचारते? ते तं फक्त नाव तयार आहे म्हणते."

मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन करीमभाईंना सांगितलं. ते एका स्टोव्हची पिन साफ करत होते. ऐकल्यावर हात थांबला.

"तिनं असं म्हणलं?"

"हो."

"मले वाटत होतं, रागावली आहे." त्यांनी पिन उजेडात धरून पाहिली, जणू तीच बोलली होती. "रागाले मी तयार होतो, बाई. रागासाठी सारं तयार ठेवलं होतं मी."

त्यानंतर ते बरेच दिवस नावेवर गेले नाहीत. पाहुणे आले तर तब्येतीचं कारण सांगत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या बदलीचा हुकूम आला. निरोपाची म्हणून एक सफर व्हावी असं तुमच्या आजोबांच्या मनात होतं. खडकांवरून शेवटचं एकदा भांडायचं होतं त्यांना. ठरल्या सकाळी आम्ही घाटावर पोचलो. पोचम नावेत बसला होता. करीमभाई गल्लीतून उतरताना दिसले. अंगात कोट नव्हता, साधा सदरा होता, आणि त्यांच्यामागे चार पावलांवर, डोक्यावरची ओढणी घट्ट धरून, अमीनाबी येत होत्या.

करीमभाईंनी भोपळे उचलले. "हात वर कर."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. कायदा आहे."

त्यांनी स्वतः गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली. अमीनाबींनी नावेच्या कडेला हात लावला आणि मागे वळून पाहिलं. करीमभाई काठावरच उभे होते.

"तुमी नाई येत?"

"मी त्याच्यापाशी बसतो," करीमभाई म्हणाले. "मले आत जाता येते. तू पाहून ये."

अमीनाबी तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता परत फिरणार. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांचे हातही थांबले होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "आतला पाला झाडजा. बाहेरून माझा हात पुरत नाई."

"झाडतो."

"उशाकडून जास्त साचते."

"हो."

त्या नावेत बसल्या. कोणी घंटा वाजवली नाही. पोचमनं काठी रोवली आणि नाव सुटली.

त्या दिवशी तुमचे आजोबा खडकांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दाखवायला कोणी नव्हतं, त्यामुळे अमीनाबींना जे दिसलं ते त्यांनी स्वतःच शोधून पाहिलं. पाणमांजराची दोन पिल्लं एका माशावरून भांडत होती. त्या खळखळून हसल्या आणि लगेच ओढणीनं तोंड झाकलं. पुढच्या खडकावर मगर होती. पलीकडे वाळूच्या पट्ट्यावर पांढरे सुरय पक्षी अंडी उबवत बसले होते. नाव जवळ गेली तरी एक पक्षी उडाला नाही. आमच्याकडे पाहत, चोच किंचित उघडी ठेवून, आपल्या जागी बसून राहिला.

अमीनाबी त्याच्याकडे फार वेळ पाहत होत्या.

"हे तं लई चांगलं आहे, बाई," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात तक्रार होती. मग वाकून त्यांनी नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडावरून फिरवलं.

परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. करीमभाई कबरस्तानात, कबरीशेजारी मांडी घालून बसले होते. सदरा घामानं भिजला होता. कबर उशापासून पायथ्यापर्यंत स्वच्छ झाडलेली, पाल्याचा ढीग दूर लावलेला. अमीनाबी घाट चढून तडक तिकडे गेल्या आणि कुंपणाबाहेर आपल्या रोजच्या जागी बसल्या. आम्ही थोडे मागेच थांबलो.

"काय पाह्यलं?" करीमभाईंनी विचारलं. त्या नदीतला दगड न् दगड ज्यांना पाठ, ते विचारत होते.

"पयले काळे दगड आले," अमीनाबी म्हणाल्या. "मोठे मोठे. हत्ती बसल्यासारखे."

"मंग?"

"मंग पाणमांजराचे पिल्लं. एका मासोळीसाठी दोघं भांडून राह्यले होते."

"मंग?"

त्या सांगत गेल्या, एकही गोष्ट न गाळता. करीमभाई मधे एकदाही बोलले नाहीत, फक्त "मंग" म्हणत राहिले. कुंपणाच्या काट्यांतून दोघांत हातभराचं अंतर होतं. तरी अमीनाबी बऱ्याच मोठ्यानं सांगत होत्या. नवऱ्याला ऐकू जायला एवढ्या मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.