दात्याला नाही म्हणायचं नाही

नदी घरात शिरली तेव्हा घड्याळवाल्याने दोनच गोष्टी वाचवल्या: हत्यारांची पेटी आणि सासूबाई. क्रम हाच होता, आणि सासूबाई तो विसरायला तयार नव्हत्या. बायको नोकरीच्या गावी अडकली होती. तिने फोनवर बजावलं, "आईचे गुडघे सुजलेत. तिला कोरड्यात, पाय लांब करून झोपू द्या. नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

शाळेच्या सभागृहात, इतर पूरग्रस्तांच्या शेजारी, दोघांना व्यासपीठाजवळ जागा मिळाली. जागा कोरडी होती आणि सासूबाईंच्या लांबीला पुरत होती. मग तिथेच गावातल्या मदत संस्थेने आपलं केंद्र उघडलं आणि कपड्यांचं आवाहन केलं. पूरग्रस्तांनी खरं तर पिण्याचं पाणी आणि औषधं मागितली होती. पण आवाहनाचा मजकूर मागच्या पुरापासून तयार होता आणि त्यात कपडे होते.

लोकांनी भराभर कपाटं रिकामी केली. कोट आले, आकड्यांसकट पडदे आले, एकाच पायाचे बूट आले. एक गाठोडं नुसतं पोहायच्या पोशाखांचं निघालं.

"या माणसाने निदान विचार तरी केलाय," सासूबाई म्हणाल्या.

गाठोडी व्यासपीठावरून उतरून सासूबाईंच्या तळव्यांना टेकली, तेव्हा घड्याळवाला संस्थेच्या चिटणीसांकडे गेला. चिटणीस सज्जन गृहस्थ होते. आठवडाभर ते घरी जेवले नव्हते.

"साहेब, आता कपडे नको म्हणून सांगा ना."

"दात्याला नाही म्हणायचं नाही, हे आपलं ब्रीद आहे. आज त्याचं मन मोडलं, तर उद्या तो द्यायचाच थांबेल."

"पण उद्या काय देणार आहे तो?"

"कपडे," चिटणीस म्हणाले.

कपडे निवडायला स्वयंसेवक आले. स्वयंसेवक दमायचे, म्हणून त्यांना पंखे असलेले वर्ग दिले. तिथली कुटुंबं सभागृहात आली. स्वयंसेवकांना भूक लागायची, म्हणून पूरग्रस्त बायका त्यांचा स्वयंपाक करू लागल्या. शेवटी सभागृहात माणसं आणि गाठोडी मिळून मावेनात, तेव्हा संस्थेची तातडीची बैठक झाली. तिथला युक्तिवाद बिनतोड होता: माणूस भिजला तर वाळतो, कपडा भिजला तर त्याला बुरशी येते. पूरग्रस्तांना व्हरांड्यात हलवण्यात आलं. व्हरांड्याला एका बाजूने भिंत होती आणि तीन बाजूंनी पाऊस.

सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. दुपारी त्या गुपचूप आत जाऊन एका गाठोड्यावर आडव्या झाल्या, तर पिवळ्या टोपीतली स्वयंसेविका धावत आली.

"आजी, उठा! ते पूरग्रस्तांसाठी आहे."

"मग मी कोण, बाई?"

"तुम्ही पूरग्रस्तच आहात. पण वाटप रविवारी आहे."

रविवारी वाटप झालं, फोटो निघाले. दर माणशी एक गाठोडं मिळालं आणि व्हरांड्यात बसायलाही जागा उरली नाही. घड्याळवाल्याने आपली दोन्ही गाठोडी उचलून पुन्हा केंद्रावर नेऊन ठेवली. चिटणीसांचे डोळे भरून आले.

"बघा! स्वतः पुरात सापडलेला माणूस दान करतोय!" त्यांनी त्याच्या छातीला दात्याचा बिल्ला लावला.

घड्याळवाला बिल्ल्याकडे बघत राहिला. बिघाड नेमका कुठे आहे हे कळलं की घड्याळाकडेही तो असाच बघायचा. मग तो व्हरांड्यात गेला, सासूबाईंना हाताला धरून घेऊन आला आणि त्याने त्यांना चिटणीसांच्या टेबलासमोर उभं केलं.

"साहेब, ह्याही देतो."

"म्हणजे?"

"दान. मी दाता आहे ना?"

"अहो, माणसं कशी घेणार?"

"म्हणजे तुम्ही दात्याला नाही म्हणताय?"

फोटोवाला अजून गेला नव्हता. सासूबाई जावयाला कोपराने ढोसत पुटपुटल्या, "जावईबापू, पेटी नाही वाटतं दिलीत?" चिटणीसांनी घाम पुसला. स्वयंसेविकेने विचारलं, "सर, कशात धरू? 'वापरलेले, सुस्थितीत'?"

"गुडघे सोडून," सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सासूबाई सभागृहात, कोटांच्या गाठोड्यांवर, पाय लांब करून झोपल्या. दात्याची वस्तू भिजू नये म्हणून स्वयंसेवकांनी त्यांच्यावर ताडपत्रीही घातली. घड्याळवाला व्हरांड्यातून, खिडकीच्या गजांतून, त्यांचं घोरणं समाधानाने ऐकत होता.

अडचण एवढीच, की आवाहन अजून मागे घेतलेलं नाही. प्रत्येक टेंपो आला की आतली मांडणी बदलते, आणि सासूबाई एकेक गाठोडं दाराकडे सरकतात. काल तुमचा तो पोटावर न बसणारा कोट पोचला. कपाटात छान जागा झाली, असं तुम्ही घरी म्हणालात म्हणे. सासूबाईंचे पाय आता उंबऱ्याबाहेर आहेत.