म्हातारीची निवृत्ती आणि टाळ्यांची तालीम

“टीव्हीवर काय दाखवायचं हे सगळ्यांनाच कळतं. कसं दाखवायचं हे फक्त मला!” हे वाक्य एवारिस्तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होता. आधी आरशाला ऐकवलं, मग आईला आणि आता ग्रिसेल्दाला. आरसा आणि आई गप्प बसले होते. ग्रिसेल्दाकडे मात्र कॅमेरा होता, आणि तोंडही होतं.

“शर्टाचं बटण वर-खाली लागलंय,” ती म्हणाली. “ते कसं दाखवायचं?”

मोन्ते एर्मोसो या समुद्रकाठच्या गावातल्या पिटुकल्या चॅनेलवर एवारिस्तो सहा उन्हाळे एकच बातमी देत आला होता. समुद्राचं पाणी आज किती कोमट आहे, आणि जेलीफिश किती आलेत. बातमीत काही बदल झालाच तर तो जेलीफिशनी केलेला असे.

पण आज! नौदलाचं लढाऊ विमान, ज्याला सगळा किनारा लाडानं ‘म्हातारी’ म्हणायचा, ते निवृत्त होणार होतं. तळावर कायमचं टेकण्याआधी ते किनाऱ्यावरून एक शेवटची चक्कर मारणार होतं. आठवडाभर गावात दुसरी बातमी नव्हती. पेपरात म्हातारीचे तरुणपणीचे फोटो, रेडिओवर म्हातारीच्या आठवणी, बेकरीत म्हातारीच्या आकाराचा केक. तो केक मगरीसारखा दिसत होता, पण खपत होता.

आणि राजधानीतलं मोठं चॅनेल एवारिस्तोचं चित्रण थेट उचलणार होतं! तिथला निर्माता लिसान्द्रो आडपडदा न ठेवता म्हणाला होता, “जमलं तर तुला ब्युनोस आयर्सला घेतो. फसलं तर तू आणि तुझे जेलीफिश, सुखाने नांदा!”

आता तोच लिसान्द्रो किनाऱ्यावरच्या गर्दीचं चित्र पडद्यावर बघत कानातल्या यंत्रातून खेकसत होता. “अरे, ती माणसं आहेत की वाळत घातलेले मासे? कुणी हलत नाहीये! विमान आलं की मला टाळ्या हव्यात, टाळ्या!”

“हव्यात ना? देतो!” एवारिस्तो म्हणाला. “आत्ता तालीमच घेतो.”

ग्रिसेल्दानं कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. “एवारिस्तो, या वाळूवर टाळी वाजवू नकोस.”

“का?”

“का म्हणजे? इथलाच ना तू? लहानपणी स्वतः दोनदा हरवलायस म्हणे.”

या किनाऱ्याची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. किंबहुना ती शेंबड्या पोरांसाठीच होती. चुकलेलं लेकरू दिसलं की त्याला खांद्यावर बसवायचं आणि टाळ्या वाजवायच्या. ज्याच्या कानी टाळी पडेल त्यानं आपली टाळी त्यात मिळवायची. आईबाप धावत येईपर्यंत थांबायचं नाही. इथे टाळीला दुसरा अर्थच नव्हता. नाटकाचा पडदा पडल्यावरसुद्धा निम्मे प्रेक्षक आधी आपापली पोरं चाचपून बघत.

“मला शिकवू नकोस,” एवारिस्तो म्हणाला. “लोकांना तेवढा फरक कळतो.”

तो कुणाच्या तरी बर्फाच्या पेटीवर चढला आणि दणादण टाळ्या वाजवू लागला. “चला मंडळी, सगळ्यांनी! म्हातारीसाठी!”

पुढच्या रांगेतल्या लोकांनी हौसेनं साथ दिली. त्यांच्या मागच्यांना ‘म्हातारीसाठी’ ऐकूच गेलं नाही. त्यांना फक्त टाळ्या ऐकू गेल्या.

“कुणाचं गं चुकलं?”

“मला काय माहीत? तू वाजव आधी!”

वणवा पेटावा तशी टाळी पसरली. आया पोरं मोजायला लागल्या. पोरं लाटांत होती, आणि लाटांतली पोरं मोजणं म्हणजे उकळत्या भातातली शितं मोजणं! प्रत्येकीला एक कमीच भरलं. एकीला दोन जास्त भरली, ती तर मटकन खालीच बसली. बापांनी मागचा-पुढचा विचार न करता हाताला लागेल ते पोर खांद्यावर चढवलं. पाच मिनिटांत किनारा जत्रेसारखा दिसू लागला. खांद्यावर पोरं, खाली टाळ्या, आणि हरवलेलं एकही नाही!

एवारिस्तोनं जीवरक्षकाचा कर्णा हिसकावला. “कुणीही हरवलेलं नाही! ही तालीम आहे!”

“काय म्हणतोय तो?”

“म्हणतोय, कुणी हरवलेलं नाही.”

“त्याला काय कळतंय! स्वतःचं पोर आहे का त्याला?”

“लग्न तरी कुठं झालंय! वाजवा हो तुम्ही!”

तेवढ्यात बगलेत थर्मास दाबलेल्या एक मावशी चारेक वर्षांच्या मुलीला ओढत घेऊन आल्या. मुलीच्या हातात चुरो, म्हणजे तळलेल्या पिठाची कांडी होती आणि तिच्यातला आटवलेल्या गोड दुधाचा लगदा कोपरापर्यंत ओघळला होता.

“ही घ्या! ओरियाना नाव सांगते.”

“मी हरवले नाहीये,” ओरियाना म्हणाली. “माझी आई तिथं निळ्या छत्रीखाली झोपलीये.”

“धक्का बसलाय लेकराला,” मावशींनी डोळे पुसले. “काहीबाही बरळतेय. तुम्ही टीव्हीवाले ना? घ्या खांद्यावर, दिसेल तरी आईबापांना!”

“मावशी, अहो मला आत्ता थेट...”

“काळीज आहे की दगड?”

भोवतालच्या चार जणांनी ओरियानाला उचललं आणि एवारिस्तोच्या मानेवर स्थापन केलं. ती पडू नये म्हणून त्याला तिचे दोन्ही पाय धरून ठेवावे लागले.

“चाळीस सेकंद!” लिसान्द्रो कानात ओरडला. “तुझ्या डोक्यावर काय आहे ते?”

“मुलगी.”

“कुणाची?”

“तेच चाललंय.”

“उतरव तिला! नको, नको, राहू दे, आपण थेट आहोत!”

एवारिस्तोनं चेहऱ्यावर राजधानीला शोभेल असं हसू आणलं. “प्रेक्षकहो, ज्या ऐतिहासिक क्षणाची...” ओरियानानं चुरोचा हात त्याच्या केसांना पुसला. “...ज्या क्षणाची सारा देश...”

इकडे निळ्या छत्रीखाली तिची आई टाळ्यांनी जागी झाली. बघते तर शेजारी पोर नाही, आणि समोर एक अनोळखी बाप्या आपल्या पोरीला खांद्यावर टाकून उभा! बाईनं पायातली चप्पल काढली आणि वाळू उडवत निघाली.

“चोरा! माझी पोर कुठं पळवतोस?”

सटाक!

आणि त्याच क्षणी म्हातारी आली. छत्र्या उलट्या होतील इतकी खाली, दिमाखात पंख झुकवत. आवाजानं समुद्रसुद्धा दचकला. पण किनाऱ्यावर एकानंही मान वर केली नाही. आई सापडली होती! लोक एवारिस्तोकडे बघत जीव तोडून टाळ्या पिटत होते. सटाक! सटाक!

“विमान!” एवारिस्तो कळवळून ओरडला. “ग्रिसेल्दा, विमान दाखव!”

“विमान काय, तीस वर्षं दिसतंय,” कॅमेरा तसूभरही न हलवता ग्रिसेल्दा म्हणाली. “हे पुन्हा दिसायचं नाही!”

म्हातारी क्षितिजापार गेली.

“सगळ्या देशानं तुला चपलेनं मार खाताना पाहिलं,” लिसान्द्रो कानात म्हणाला. “मागून घरघर ऐकू आली, ते विमान होतं असं समजतो मी. तळावर जा. वैमानिकाची मुलाखत घे. त्याच्याकडून हृदयाला भिडेल असं काही निघालं तर बघू. नाहीतर नमस्कार!”

तळावर कमांडर इतुर्बे विमानातून उतरले होते. शेवटच्या उड्डाणाचा मान म्हणून सहकाऱ्यांनी त्यांच्यावर बादल्यांनी पाणी ओतलं होतं. पण कॅमेरा सुरू झाला तेव्हा गालावरून ओघळत होतं ते सगळंच काही बादलीतलं नव्हतं.

“काय सांगू तुम्हाला!” कमांडर म्हणाले. “मला वाटलं होतं, लोक पोहण्यात दंग असतील, वर बघणारही नाहीत. पण सगळा किनारा उभा राहून टाळ्या वाजवत होता! म्हातारी दिसावी म्हणून लोकांनी आपली लेकरं खांद्यावर घेतली होती हो! आता मी डोळे मिटायला मोकळा झालो.”

जमलेले अधिकारी नाकं पुसू लागले. ग्रिसेल्दासुद्धा हुंदका गिळत होती. निदान आवाज तरी तसाच होता.

“सोनं आहे हे, सोनं!” कानात लिसान्द्रो ओरडला. “जिंकलास लेका! सोमवारी राजधानीत हजर हो!”

एवारिस्तोची छाती फुगली. “ते सारं तुमच्यासाठीच होतं, कमांडर.”

“एकच कळलं नाही,” कमांडर डोळे टिपत म्हणाले. “मी अगदी खाली आलो होतो, म्हणून दिसलं. मधोमध एक माणूस पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता आणि एक बाई त्याला चपलेनं बडवत होती. ते कशासाठी?”

अख्ख्या देशाला उत्तर माहीत होतं. त्या वेळी आभाळात असलेला एकच माणूस त्याला अपवाद होता.

एवारिस्तोनं माईक सावरला. “किनाऱ्यावर तो एकटाच टाळ्या वाजवत नव्हता, साहेब.”

“हरामखोर!” कमांडर कडाडले. “बरं झालं मग! बाईंना माझा सलाम सांगा!” आणि एवढं बोलून ते जरा पुढे वाकले. त्यांची नजर एवारिस्तोच्या गालावर गेली. तिथे चपलेच्या तळव्याची नक्षी, पट्ट्यासकट, लालबुंद उमटली होती.

कमांडर नक्षीकडे बघत राहिले. एवारिस्तो कमांडरांकडे बघत राहिला. मग त्यानं हातातला माईक काखेत धरला आणि निमूटपणे टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

कानात आधी नुसतं खिंकाळणं ऐकू आलं. मग लिसान्द्रोचा धाप लागलेला आवाज.

“सोमवारी नको, बाबा. मंगळवारी ये. सोमवारभर आम्हाला हसायचंय.”