सर्दावलेल्या काड्यांचा इतिहास

इनासभाऊंनी मला एकाच बँडचा इतिहास आजवर चौदा वेळा दिला आहे आणि चौदाही वेळा पोच घेतली आहे. पोच म्हणजे सही, तारीख आणि फ्लॅट नंबर. समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला माझा फ्लॅट नंबर कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

इनासभाऊ मूळचे वसईचे. इथे दोह्यात वेस्ट बेमधल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. कुठलं ड्रॉइंग कुणाकडे गेलं, त्यावर कुणी काय शेरा मारला आणि त्या शेऱ्याला उत्तर मिळालं का, यावर पहारा ठेवणं हे त्यांचं काम. ते काम पाचला संपत असावं, असा माझा भाबडा समज होता. एकदा मी चहा दिला तर म्हणाले, "वहिनी, चहा फर्स्ट क्लास. रेकॉर्डला घ्या." मी आजूबाजूला पाहिलं. रेकॉर्ड कुठे असतं?

बँडचं नाव डॅम्प मॅचेस. डॅम्प मॅचेस म्हणजे सर्दावलेल्या काड्या. सत्तरीच्या दशकात इंग्लंडात पंक नावाचं संगीत निघालं होतं. केस ताठ उभे करायचे, चांगला शर्ट फाडून त्याला सेफ्टी पिना लावायच्या आणि तीन सूर येत असतील तर दोनांतच भागवायचं. त्या लाटेच्या अगदी सुरुवातीला या काड्या पेटायला गेल्या. पाच कार्यक्रम आणि एक रेकॉर्ड झाली. तिसऱ्या कार्यक्रमात हॉलवाल्यानेच वीज बंद केली. मग आपसांत मारामारी आणि सगळं खलास.

आता या प्रकाराशी इनासभाऊंचा संबंध काय? ते इस्त्रीचा शर्ट घालून शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जातात आणि तिथल्या क्वायरमध्ये गातात. बरं, गाणी आवडतात म्हणावं, तर तेही नाही. मला एकदा ती रेकॉर्ड ऐकवली, तेव्हा स्वतः एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसले होते. "फार कर्कश आहे हो," म्हणाले. मग ऐकता कशाला? "हिस्टरी आहे, वहिनी." मी आणखीच गोंधळले.

दर वेळी नव्याने सुधारून लिहिलेल्या इतिहासाबरोबर शेऱ्यांचा फॉर्म यायचा. त्यात चार चौकोन असत: मंजूर, शेऱ्यांसह मंजूर, सुधारून पुन्हा द्या, नामंजूर. आमचे हे गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर. ते एक अक्षर न वाचता दुसऱ्या चौकोनात खूण करायचे. एकदा गंमत म्हणून चौथ्यात केली, तर दोन दिवसांत नऊ पानी खुलासा आला. तेव्हापासून आमच्या घरात गंमत बंद आहे.

चौदाव्या वेळी हे प्लांटवर होते, म्हणून फॉर्म माझ्या गळ्यात पडला. काहीच लिहिलं नाही तर वाचलं नाही हे कळेल, या धास्तीने मी मधलं एक पान उघडलं. बँडमधल्या माणसांची यादी होती. ड्रमरपुढे लिहिलं होतं, 'नंतर कळवू'. मी ऐटीत शेरा मारला: 'ड्रमरचं नाव नाही. लिहावं.'

इनासभाऊंनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "बघतो," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले. पुढे तीन आठवडे त्यांचं दार उघडलेलं दिसलं नाही. माझं काय चुकलं, कुणाला विचारणार?

मग एका शुक्रवारी मिस्सा आटोपून थेट आमच्याकडे आले. मोबाइल माझ्यापुढे धरला. "कमेंट तुमची आहे, वहिनी. उत्तर आलंय. तुम्हीच उघडा."

"कुणाचं उत्तर?"

"त्या बँडमधला एक म्हातारा अजून आहे. त्याचा पत्ता सहा वर्षं आहे माझ्याकडे. विचारायचा धीर नव्हता. पण कमेंट पडली म्हटल्यावर क्लोज करायलाच पाहिजे ना."

मग खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ पास्कू बोटीवर कामाला लागला आणि इंग्लंडात उतरून राहिला. घरी त्याचं एकच पत्र आलं: मी डॅम्प मॅचेस नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, लोक फार टाळ्या देतात. त्यानंतर काहीच नाही. इनासभाऊ तेव्हा आठ वर्षांचे होते. आई मरेपर्यंत गावभर सांगत राहिली, माझा पोरगा लंडनात ड्रम वाजवतो. पण पुराव्याशिवाय यादीत त्याचं नाव घालायला इनासभाऊंचा हात धजत नव्हता.

चौदा वेळा पोच दिलेल्या बाईला हे पहिल्यांदा कळत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी मेल उघडून आधी मनात वाचला. खोटं सांगावं का, असं क्षणभर वाटलं.

"जसं असेल तसं वाचा, वहिनी."

म्हाताऱ्याने लिहिलं होतं, पास्कू ड्रमर नव्हता. ड्रमर दुसराच होता. पास्कू आमची गाडी चालवायचा. कार्यक्रम झाला की सगळ्यांना भात करून घालायचा. बँड मोडल्यावर कुठल्याशा बंदरावर काम शोधायला गेला, पुढचं मला माहीत नाही. पण तो भात मला अजून आठवतो.

इनासभाऊ चक्क हसले.

"मीही इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं गाडीच चालवली. आईला लिहायचो, मोठ्या ऑफिसात आहे, टेबल आहे, एसी आहे. एसी होता, गाडीत." हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "एकदा नुसतं लिहिलं असतं ना त्याने, ड्रायव्हर आहे म्हणून. आम्ही काय रागावणार होतो?"

मी पाणी दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. थोड्या वेळाने मोबाइलकडे बोट केलं.

"वहिनी, त्या म्हाताऱ्याला लिहा, थँक्यू. आणि विचारा, भाताबरोबर काय करायचा?"