खंडेनवमीचा लोड

सावेडीतल्या अजिनाथ गर्जेचं म्हणणं असं, की आपलं घर आता आपल्यापेक्षा शहाणं झालंय. त्यासाठी फार काही लागत नाही, असं त्याची बायको जया म्हणायची. पण थोर माणसं असल्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत.

मूळचा पाथर्डीकडचा हा वायरमन. वीस वर्षं लोकांचे फ्यूज बांधण्यात गेली. मग घराच्या बाजूच्या बोळात वीज कंपनीने स्मार्ट मीटर बसवला आणि अजिनाथ त्याच्या नादी लागला. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. वीज जितकी जास्त, तितकी लुकलुक जास्त. मीटरचं सील तोडायला बंदी, पण लुकलुक मोजायला कोण अडवणार? त्याने करंगळीएवढा सेन्सर काळ्या टेपने त्या दिव्यावर चिकटवला, वायर घरात घेतली आणि घराला मोजायला शिकवलं. लोड तीन किलोवॅटच्या वर गेला, की घर आपण होऊन एकेक वस्तू बंद करणार आणि तसं तोंडाने सांगणार. घराला आवाज जयाचा दिला होता, कारण त्या घरात ऐकला जायचा तो तेवढाच.

पहिल्या दिवशी मोबाईलवर आलेख उमटला तेव्हा अजिनाथ चहा प्यायचा विसरला. पहाटे पाचला एक उंचवटा, म्हणजे आईने मोटर लावली. सातला दुसरा, जयाची इस्त्री. दुपारी सगळं सपाट, घर झोपलेलं. आयुष्यभर त्याने वीज ओढली होती, पण ती अशी वाहताना पहिल्यांदाच दिसत होती. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने आईला, भागूबाईला, हाक मारून ते दाखवलं.

"म्हंजी ह्यो मीटर समदं बगतो?" भागूबाईने विचारलं.

"समदं. आख्खं घर त्याच्या हुकमावर चालतं आता."

भागूबाईने मीटरकडे बघून हळूच डोक्यावरचा पदर सारखा केला.

खंडेनवमीच्या दिवशी संगमनेरहून रविराजशेठ येणार होते. शेठ चोवीस बंगले बांधत होते, आणि घराची ही हुशारी त्यांना पटली तर चोवीसच्या चोवीस बंगल्यांचं काम अजिनाथला मिळणार होतं. नाही पटली, तर शिडी खांद्यावर आणि एका ट्यूबसाठी तीन जिने, हे आहेच. सकाळपासून त्याने घराची चारदा परीक्षा घेतली. घर पास झालं.

अकराला शेठ आले, सोफ्यावर टेकले. अजिनाथने मोबाईल पुढे धरला.

"आता बघा शेठ. घराला सगळं कळतं."

तेवढ्यात घर बोललं, "लोड वाढला आहे. गिझर बंद करत आहे."

"वा," शेठ म्हणाले.

गिझर चालू नव्हताच. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"लोड वाढला आहे. मिक्सर बंद करत आहे."

स्वयंपाकघरातून खरी जया बाहेर आली. "अहो, माझं पुरण अर्धंच वाटलंय. आणि हे मी बोलले नाही."

"तूच बोललीस. म्हणजे घर बोललं. जरा थांब."

घर थांबेना. फ्रीज बंद झाला, टीव्ही बंद झाला, पंखा गरगरत गरगरत निवला. आकडा मात्र चढतच होता. नऊ किलोवॅट, चौदा, सत्तावीस. रविराजशेठ रुमालाने मान पुसत आकड्याकडे बघत राहिले.

"अजिनाथराव, सत्तावीस म्हणजे तीन पिठाच्या गिरण्या झाल्या. घरात चालू तरी काय हाय एवढं?"

"काहीच नाही," अजिनाथ म्हणाला, आणि आता ते अगदी खरं होतं.

मीटर तिथून वीस पावलांवर होता. पण मोबाईल हातात असताना मीटर बघायला कोण जातं? गिरणी म्हटल्याबरोबर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या ज्ञानेश्वरची पिठाची गिरणी! भिंतीला भिंत, वायरीला वायर. तो तरातरा निघाला. मागे शेठ, शेठच्या मागे पुरणाचा हात घेऊन जया.

"भाऊ, माझ्या लाईनवर गिरणी चालवता व्हय?"

ज्ञानेश्वर दारात पेपर वाचत बसला होता. त्याने चष्मा वर केला.

"गिरणी? येडा का काय तू? आज खंडेनवमी. गिरणीला सकाळीच हळदकुंकू वाहून गप बसवलीय. आज हत्याराची पूजा असती, त्याला कामाला लावत्यात का कुनी?"

अजिनाथ उभ्या जागी गार झाला. मग त्याने हळूच जयाला विचारलं, "आई कुठाय?"

आई बोळात होती. मीटर ओल्या फडक्याने पुसून लखलखीत केला होता. त्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ. खाली पाटावर अजिनाथची पक्कड, टेस्टर, हातोडी ओळीने मांडलेली, प्रत्येकाला गंध. कुंकू लावायला सेन्सर आड येतो म्हणून टेप नीट सोलून बाजूला चिकटवली होती. सेन्सर वायरीला लोंबत होता आणि त्याच्या बरोबर समोर निरांजन. बोळातल्या वाऱ्याने ज्योत फडफडत होती, आणि सेन्सर तिची एकेक फडफड इमानाने मोजत होता.

"तुजा बाप कोयत्याला गंध लावल्याबिगर आज घास खात नव्हता," भागूबाई म्हणाली. "तुला यंदा सवड न्हाई. मी केली पूजा. मोठा हुकमाचा धनी हाय म्हनलास, मग त्याला आदी निवद."

अजिनाथने एकदा लोंबत्या सेन्सरकडे आणि एकदा ज्योतीकडे बघितलं. त्याने ज्योतीभोवती हाताचा आडोसा धरला. ज्योत स्थिर झाली. मोबाईलवरचा आकडा उतरू लागला, सत्तावीसवरून नऊ, नवावरून दोन. हात काढला, पुन्हा चढला. चौघं श्वास रोखून बघत होती. एवढीशी फुलवात, आणि तिने अख्ख्या घराला धाप लावली होती. अजिनाथने मनातल्या मनात हात जोडले, कुणाला ते त्यालाही नीट कळलं नाही.

"देवाचा दिवा हाय त्यो," भागूबाई म्हणाली. "तुज्या मशिनीला त्याचं तेज कळलं. तुलाच न्हाई कळलं."

रविराजशेठनी चपला काढल्या. मीटरला नमस्कार केला, भागूबाईंच्या पाया पडले, गुळाचा खडा तोंडात टाकला.

"अजिनाथराव, ज्योत मोजणारं घर म्या जन्मात बघितलं नव्हतं. चोवीस बंगल्यांचं काम तुमचंच."

अजिनाथ म्हणाला, "शेठ, उद्या दसऱ्यालाच मुहूर्त करतो."

"करा की." शेठनी चपला घातल्या, मीटरकडे एकवार बघितलं आणि आवाज खाली आणला. "फक्त साधी बटणं बसवा. चोवीस बंगल्यांत चोवीस आया राहायला येणार हायेत."