बाबा एक मजला वर

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या त्या इमारतीत सगळे मजले एकाच साच्यातले. पद्मनाभराव फिरून आले, लिफ्टने एक मजला जास्त वर गेले, उघडं दार दिसलं तिथे चपला काढल्या आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. इथवर चूक साधीच होती.

त्यांची मुलगी विनीता जिन्यात त्यांना शोधत होती, तेवढ्यात वरचे मिस्टर तान धावत आले. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

"तुमचे वडील आमच्याकडे आहेत. जेवत नाहीत."

"सॉरी! मी आत्ता घेऊन येते त्यांना."

"तसं नको हो. आई म्हणते, ते माझे वडील आहेत."

तान यांचे वडील केव्हाच वारले होते. नव्वदीतल्या आईला पद्मनाभरावांसारखंच काही आठवत नसे.

"मग सांगायचं ना त्यांना!"

"आईला? चूक म्हणून?" तान इतके दचकले, की विनीताच ओशाळली.

वर सगळं कुटुंब हात मांडीवर ठेवून बसलं होतं. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं घास घेतल्याशिवाय तिथे कुणी अन्नाला शिवत नसे. तान यांनी दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला. "पा, जेवा." आई हॉक्कियन या त्यांच्या चिनी बोलीत कडाडली. तान आणखी वाकले.

"विनू, आई कुठाय?" पद्मनाभरावांनी विचारलं. "ती बसल्याशिवाय मी कधी जेवलोय?"

विनीताची आई, दमयंतीबाई, दिवाळीत वारल्या होत्या. ते विचारत, विनीता खरं सांगे. खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकत आणि पहिल्यांदाच रडत. आताही शब्द तिच्या ओठांवर आले. पण समोर तान वाकून उभे होते. भात निवत होता, चेहऱ्यावर मात्र वैतागाची रेषसुद्धा नव्हती. विनीता बघतच राहिली.

म्हातारी उठली, फरफटत खुर्ची ओढून पद्मनाभरावांच्या शेजारी धपकन बसली आणि त्यांच्यावर डाफरली.

"बसली का गं?" पद्मनाभरावांनी विनीताला विचारलं.

"हो बाबा," विनीता म्हणाली. "बसली."

"मग होऊ द्या सावकाश!" त्यांनी बोटांनी घास उचलला. टेबलाभोवती चॉपस्टिक्स एकदम खडखडल्या.

परतताना लिफ्टमध्ये ते हळूच म्हणाले, "तुझी आई आज फार चिडली होती."

"उशीर केलात ना तुम्ही," विनीता म्हणाली. "उद्या वेळेवर जाऊ."