बागूल सरांची प्रत

बागूल सरांकडे पेन मागितलं तर ते स्वतःचं पेन देत नसत. खाली दुकानात जाऊन हुबेहूब दुसरं आणत. "हे तुमचं. माझ्याला हात नाही लावायचा." डब्याचंही तेच. शेवभाजी आवडली म्हटलं की दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी वेगळा डबा हजर. पण त्यांच्या डब्यात कोणी चपाती बुडवायला गेलं, तर त्याने सुरा काढल्यासारखे दचकायचे. अंबडच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत पोरं त्यांना पाठीमागे बागुलबुवा म्हणत. खरं तर कायम घाबरलेले तेच असायचे.

कशाला, ते सांगते. आम्ही दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवतो. वॉर्डातल्या प्रत्येक बेडचा एक छोटा प्रोग्राम, आणि डॉक्टरांनी लिहिलेले डोस त्या बेडांना कळवणारा आणखी एक. कोणी कोणाच्या घरात शिरायचं नाही, फक्त निरोप पाठवायचे. आणि निरोपात माहितीची प्रतच जायला हवी, हा सरांचा धर्म. आमचे मॅनेजर पाठक यांना प्रती काढण्यात वेळ जातो याचंच दुःख. त्यांनी फर्मान काढलं: प्रती बंद, मूळ वस्तूच पाठवा, स्क्रीन झटपट चालली पाहिजे. माणूस जगो की मरो, स्क्रीन झटपट!

मी सरांना विचारलं, एवढं काय बिघडतं? घाबरले की त्यांची सटाण्याची अहिराणी डोकं वर काढायची. "ताट एकच शे, मॅडम. पहिल्याला वाढलं. त्यानं घास घ्यायच्या आत तेच ताट पुसून त्यात दुसऱ्याचं वाढलं. आता डायबेटीसवाल्यापुढं जिलबी."

चाचणीत ते घडलं. एकदाच. खोट्या पेशंटच्या बेडवर शेजारच्याचा डोस उमटला. आम्ही दोघांनी पाहिला. पाठकांना बोलावलं, तर सगळं बरोबर. पुन्हा चालवलं, बरोबर. दुपारभर चालवलं, तरी बरोबरच.

"पुन्हा दाखवा, मग बोला," पाठक म्हणाले.

बोलावल्यावर जी चूक येत नाही, ती न बोलावता वॉर्डात येणार होती. आणि दवाखान्यात हे दुसऱ्याच दिवशी चालू होणार होतं.

मी कंपनीतली युनियनवाली, लगेच गेटवर पत्रकं वाटायच्या तयारीला लागले. सर म्हणाले, तुमचं पत्रक लोकांनी वाचेपर्यंत सलाईन संपेल. मग साधी रजासुद्धा चिठ्ठीवर मागणारा हा माणूस उठून पाठकांच्या केबिनमध्ये गेला. प्रती मी परत चालू केल्या आहेत, दवाखान्यात तेच गेलं आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. आता ते बदलायला वेळ उरला नव्हता; पाठकांनी त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. उद्यापासून येऊ नका.

बाहेर टपरीवर मी तावातावाने बोलत होते, कोर्टात खेचू, गेटसभा घेऊ. सरांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता.

"माझी बायको अशाच वॉर्डात, कोपऱ्यातल्या बेडवर होती," ते म्हणाले. "मी इथं डेडलाइन सांभाळत बसलो होतो. ती गेली तेव्हा तिच्याजवळ फक्त स्क्रीन होती. माले अजून भ्याव वाटस."

दुसऱ्या दिवशी कंपनीने मला दवाखान्यात देखरेखीला पाठवलं. एकेक बेड चालू होत गेला. प्रत्येक आकडा मी डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहिला. शेवटी सरांना मेसेज टाकला: सगळे डोस बरोबर.

उत्तर लगेच आलं. "कोपऱ्यातल्या बेडजवळ कोणी बसलंय का?"

मी वळून पाहिलं. भेटायची वेळ होती, वॉर्ड नातेवाइकांनी भरला होता. कोपऱ्यात कळवणकडची एक म्हातारी छताकडे बघत पडली होती. तिच्याजवळचं स्टूल रिकामं होतं.

संध्याकाळी गेटवर वाटायला आणलेला पत्रकांचा गठ्ठा मी पिशवीत कोंबला आणि त्या स्टुलावर जाऊन बसले.