दादांच्या कानातला मी

माणसाच्या कानात कसं बोलावं, हे कुणीही मला विचारावं! चार वर्षं मी एका मोठ्या माणसाच्या कानात बोललो आणि घरी बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

हा मोठा माणूस म्हणजे आमच्या वाहिनीवरच्या प्रश्नांच्या खेळाचे सूत्रसंचालक. सगळे त्यांना दादाच म्हणत. आधी ते चित्रीकरणापूर्वी प्रेक्षकांना हसवून जागं ठेवायचं काम करत. एकदा मूळ सूत्रसंचालक आजारी पडला म्हणून यांना उभं केलं, ते एकवीस वर्षं उभेच! आवाज बेताचा, कोट दोन मापं मोठा. पण हा माणूस ऐकायचा. स्पर्धक हरला की शेजारी जाऊन बसायचा, "आता घरी गेल्यावर काय सांगणार?" असं विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत हलायचा नाही. लोक त्यासाठीच तर बघत.

आणि नेमके त्यांचे कानच गेले! एक स्पर्धक म्हणाला, "माझे वडील मागच्या महिन्यात गेले," आणि दादा टाळी वाजवून म्हणाले, "वा! अभिनंदन!"

तो तुकडा कापला. संध्याकाळी दादा माझ्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आले. दार लावलं.

"तो काय म्हणाला होता रे?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "हे वर कळलं की मी संपलो."

उपाय मीच काढला. दादांच्या कानात छोटं यंत्र असायचंच. स्पर्धकाचा माइक थेट त्यात सोडून पाहिला, तर त्यांना नुसता कालवा ऐकू येई. माझा ओळखीचा, सावकाश आवाज मात्र कळायचा. म्हणून स्पर्धक जे बोलेल ते मी काचेमागून जसंच्या तसं त्यांना सांगायचं. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं!

मग आला हजारावा भाग. थेट प्रक्षेपण! समोरच्या खुर्चीत एक नर्सबाई, पहिल्या रांगेत त्यांची म्हातारी आई. आणि माझा फोन थरथरायला लागला. बायको. एकदा, दोनदा, सात वेळा! हेडफोन काढून, काचेकडे पाठ करून मी फोन घेतला. बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं, हे मला कुठे माहीत?

"अहो, नळ तुटलाय! घरभर पाणी!"

बाहेर काय घडलं ते मी नंतर चित्रफितीत पाहिलं. दादांनी विचारलं होतं, जगातला सगळ्यात खोल महासागर कोणता?

"प्रशांत महासागर," नर्सबाई म्हणाल्या.

"किती? घोट्यापर्यंत?" मी फोनवर ओरडलो.

"घोट्यापर्यंत?" दादांनी विचारलं. "नक्की?"

"नाही हो, चांगला खोल असतो!"

"आधी गादी उचल!" मी.

"आधी गादी उचला," दादा गंभीरपणे म्हणाले. खेळातलाच काही डाव असेल म्हणून बाईंनी उठून खुर्चीची गादी उचलली.

"आणि तुझ्या आईला सांग, पाय वर घेऊन बस!"

दादांनी तेही सांगितलं. म्हातारीने पाय वर घेतले. तिचं बघून अख्ख्या पहिल्या रांगेने घेतले!

दार धाडकन उघडून निर्मातीबाई आत आल्या. "काय चाललंय काय?" मी वळून काचेतून पाहिलं आणि फोन हातातून गळाला. दादा माझ्याकडेच बघत होते. मी एवढं विचित्र बोलूनही त्यांनी माझ्या आवाजावर शंका घेतली नव्हती. हसावं की रडावं ते मला कळेना.

दादांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं मी तुम्हा सगळ्यांचं ऐकतोय असं नुसतं दाखवतोय. माफ करा."

नर्सबाई उठल्या, गादी बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढत दादांच्या अगदी समोर येऊन बसल्या. "आमच्या वॉर्डात निम्मे असेच असतात," त्या म्हणाल्या आणि ओरडल्या अजिबात नाहीत. दादांच्या डोळ्यांत बघत, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "प्र-शां-त म-हा-सा-ग-र."

"बरोबर!" दादा एवढ्या जोरात ओरडले की माझ्या यंत्रावरचे आवाजाचे काटे लाल रेघेपलीकडे गेले.

त्यांना काढायची बैठक ठरली होती म्हणे. पण पत्रांची पोतीच्या पोती आली. मग दोन्ही खुर्च्या कायमच्या जवळ आणल्या आणि खेळ आणखी तीन वर्षं चालला. आता लोक सावकाश बोलत, दादा परत परत विचारत, आणि माणसं हरल्यावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसून राहत.

निरोपाच्या दिवशी दादांनी एकेकाचे आभार मानले. शेवटी काचेकडे हात करून म्हणाले, "आणि चार वर्षं जो माझा कान झाला, तो माझा मित्र..." पुढे त्यांनी जे नाव घेतलं, ते आमच्या दिवेवाल्याचं होतं. मी काचेमागून जिवाच्या आकांताने ओरडलो. ऐकू जायला नको का?